अंजीर सोडलेलं घर

हे तुम्हाला पटणार नाही. आजवर कुणालाच पटलेलं नाही. पण यंदा चैत्रात हडपसरच्या आमच्या अंजिराच्या बागेवर जेसीबी यायचा होता, तो एका बुलबुलानं अडवला. एवढ्याशा पाखरानं. त्याचं गाव मला ठाऊक नाही, पण सासवडकडचं असावं, कारण सकाळच्या पहिल्या बसच्या वेळेला यायचं.

"बसच्या वेळेला की बसनं?" श्यामसुंदर सरांनी विचारलं.

सर समोरच्या टॉवरात राहतात. सगळा जन्म कसबा पेठेत शिकवण्यात गेला, मग मुलानं इकडं फ्लॅट घेतला आणि वडलांना ढगात नेऊन ठेवलं. संध्याकाळ झाली की ते लिफ्टनं खाली येतात आणि बागेतल्या हौदाच्या कठड्यावर बसतात. शेजारची गोदाबाईही येते. माझी बायको तुळजा जरा बाजूला पोतं टाकून अंजिराची पानं ओल्या फडक्यानं पुसत असते, उद्याच्या खोक्यांत तळाला घालायला. सून शेफाली खोकी जोडत असते. मी बोलत असतो.

म्हटलं, सर, आधी ऐका. तिकिटाचं मागून बघू.

मुळात चूक झाली ती काशीत. काशीला गेलं की गंगेत उभं राहून आपलं आवडतं फळ सोडायचं असतं. सोडायचं म्हणजे मरेपर्यंत तोंडात घालायचं नाही. आमच्या आळीनं बस करून यात्रा काढली, तेव्हा जाताना सगळा रस्ता हीच चर्चा. आंबा सोडायला कुणी तयार होईना. केळं सोडावं तर उपासाला काय खायचं. दुसऱ्याचं आवडतं फळ ज्याला त्याला बरोबर ठाऊक, आणि स्वतःचं विचारलं की माणूस आवळा म्हणायचा. गोदाबाई सगळ्यांत हुशार. तिनं नातीकडून एक नाव पाठ करून आणलं होतं. भटजींपुढं हात जोडून म्हणाली, किवी. जन्मात पाहिलेलं नाही, खाल्लेलं नाही. भटजींनी किवी सोडवलं.

पुढं पावसाळ्यात गोदाबाईला डेंगू झाला. पेशी उतरल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, किवी खा. मुलगा पिशवी भरून घेऊन आला. ही दात आवळून पडलेली. हाताला सलाइन, डोळ्यांतून पाणी, पण तोंड उघडेना. मुलगा रडला, सून रडली, शेजारच्या खाटेवरचा पेशंट म्हणाला की मी खातो मग. पपईच्या पानांचा रस पिऊन वाचली बिचारी. तेव्हापासून आमच्या आळीत गंगेशी चलाखी करायचं नाव कुणी काढत नाही.

"त्ये कशाला आत्ता," गोदाबाई म्हणाली. पण तिला बरं वाटलेलं दिसलं.

माझं मी फणस ठरवून गेलो होतो. फणसाचा मला वास सोसत नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलो, भटजींनी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत शेजारून तुळजा म्हणाली, "ह्यांचा अंजीर सोडवा. जीव हाय ह्यांचा त्यात." अंजीर पिकवणाऱ्याचा अंजीर असा गेला वाहून. मला असा राग आला की वाटलं, आता हिची पाळी आली की हिचं सगळ्यांत लाडकं फळ मी सांगतो. आणि सांगायला गेलो तर आठवेना. एवढा संसार केला, पण हिला कुठलं फळ आवडतं ते मला माहीत नव्हतं. फुटलेलं, चोचलेलं, पाटीत न चालणारं, तेवढं खाताना मी तिला बघितलं होतं. मी आठवतोय तोवर तिनं आपण होऊन सांगितलं. "माझाबी अंजीरच. आईच्या नावानं."

ही झाडं तिच्या आईची. आमचं लग्न झालं त्या साली म्हातारी घाटावरच्या दिवे गावाहून अंजिराचे फाटे ओल्या धोतरात गुंडाळून, डोक्यावर घेऊन घाट उतरली होती. जावयाच्या रानात स्वतः खड्डे केले, स्वतः लावले आणि पाणी पिऊन परत गेली. आमच्यात असं मानतात की ज्या गेलेल्या माणसाच्या नावानं फळ सोडलं, त्याला ते तिकडं मिळतं. आणि सोडलेलं खाल्लं तर तिकडं त्याच्या तोंडचं काढून घेतल्यासारखं होतं. मी मानतो न मानतो, तुळजा मानते.

तर असं हे घर. दारात अंजिराची बाग आणि घरातली दोन्ही जाणती तोंडं बंद.

दोन वर्षं निभावलं. अंजिराची चव न बघता तो विकता येतो, हवा नीट असली तर. रंग चढला, देठ वाकला, बोटाला मऊ लागला की तोडायचा. पण यंदा मीठा बहर, म्हणजे उन्हाळ्यातलं पीक, ऐन पिकायला आला आणि अवकाळी आला. गारा पडल्या. पानं चाळणीसारखी झाली, त्यांवर तांबेरा आला. कालव्याच्या अंगाला पाणी साचलं आणि झाडांनी ते ओढून घेतलं. अंजीर असे टपोरे झाले की फोटो काढावा. एका झाडाचा गोड, शेजारच्या झाडाचा नुसता पाणचट. वरून दोघं जुळे भाऊ. दाबून कळेना, हुंगून कळेना, मी तर कानाला लावून बघितले.

तोडायलाही आम्हीच. पूर्वी तोडणीला बायका यायच्या, त्या आता टॉवरांत झाडूपोछाला जातात. सावलीतलं काम, ऊन नाही, चीक नाही, कशाला येतील? उजाडायच्या आत मी, तुळजा आणि शेफाली असे तिघं झाडात शिरायचो. देठ पिरगळला की पांढरा चीक येतो, तो बोटांच्या बेचक्यांत बसतो. आठवड्यात कातडं सोलून निघतं. मग मीठ लागलं तरी माणूस ओरडतो. शेफाली खडकीची, तिचे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, क्वार्टरमध्ये वाढलेली पोर. ती खोबरेल लावून, वर पिशव्या बांधून तोडायची. भाकरी थापताना हात झटकायची, पण बोलायची नाही.

रोहन, आमचा मुलगा, आयटी पार्कात गाड्या लावतो. माणसं न्यायच्या आणायच्या गाड्या. त्या उभ्या करायला जागा नाही, रोज कुठल्या ना कुठल्या सोसायटीचा वॉचमन चाकाची हवा सोडतो. त्याचं म्हणणं सरळ होतं. बाग काढू, ब्लॉक टाकू, गाड्या इथं लावू. पोरगं वाईट नाही. लहानपणी त्याच्या डब्यात रोज अंजीर असायचा, शाळेत त्याला तेच नाव पडलं होतं. आवडतं फळ कुठलं म्हणून विचारलं तर म्हणतो, केकवरची चेरी. त्यानं सिमेंटचे ब्लॉक आणून कुंपणाला लावून ठेवले. पाणी धरायला गेलं की ते दिसायचे. तुळजा त्यांच्याकडं पाठ करून पाट फोडायची.

शेफालीनं टॉवरातल्या बायकांच्या ग्रुपवर अंजीर विकायला काढले होते. पावसानंतरची खोकी गेली आणि संध्याकाळी ग्रुपवर सुरू झालं. एकीनं लिहिलं, स्पंज. दुसरीनं लिहिलं, आमच्याकडं महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते, ती बरी. पद्मजाबाई म्हणून त्यांच्या महिला मंडळाच्या पुढारी, त्यांनी शेफालीला बोलावून घेतलं. गेटवर तिला मालाच्या लिफ्टनं जायला सांगितलं. त्या लिफ्टमध्ये सोफा अडकला होता, म्हणून पोर खोकी घेऊन जिन्यानं चढली. वर पद्मजाबाई म्हणाल्या, बस, पाणी पी, आणि मग सांगितलं की चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे, प्रत्येकीला एक खोकं द्यायचं आहे. चांगलं निघालं तर सगळा हंगाम तुझ्याकडून. असलंच निघालं तर मात्र पुन्हा आणू नकोस.

ते ऐकून रोहन म्हणाला, "ठीक आहे. ते हळदीकुंकू होऊ दे. नापास झालं तर सोमवारी मशीन लावतो. मग आप्पा, तुम्ही झाडाला मिठी मारून बसायचं नाही."

म्हटलं, नाही बसत. गुडघे वाकत नाहीत.

आता गोड झाड कुठलं ते ओळखायचं कसं? रोज ओलाव्यानं चव बदलत होती, म्हणजे रोज सकाळी झाडागणिक एक फळ कुणीतरी खाऊन बघायला हवं. आम्ही दोघं बाद. रोहननं एक तोंडात टाकला, म्हणाला, अंजिरासारखा लागतो. शेफालीला तिखटमीठ लावलेल्या पेरूखेरीज कुठलं फळ जमत नाही, अंजिराच्या बिया दातांत वाळूसारख्या कचकचतात म्हणाली. तरी चार झाडांचे खाल्ले आणि हौदाशी जाऊन उलटी काढली.

मग मी माणसं गाठायला लागलो. दुसऱ्याला खायला द्यायचं आणि त्याचं तोंड वाचायचं. वॉचमनला दिला, तो मुजफ्फरपूरचा. त्यानं खाल्ला आणि त्याला गावची लिची आठवली. लिचीचं सांगता सांगता रडायला लागला, अंजीर राहिला बाजूला. दूधवाल्याला दिला, तो म्हणाला, आमच्या देवगडच्या पाहुण्यांचा आंबा खा एकदा. रिक्षावाला कलिंगडाचा भक्त निघाला, म्हणाला, यात पाणीच नाही. अहो, पाणीच तर जास्त होतं त्यात. त्या आठवड्यात मला कळलं की माणसाच्या जिभेवर त्याचं स्वतःचं फळ आधीच बसलेलं असतं. दुसऱ्या फळाला तिथं जागाच नसते. शेवटी सरांना दिला.

"मी काय म्हणालो होतो?" सरांनी विचारलं.

"ठीक आहे, असं म्हणाला होता."

"मग?"

मग काय. कसब्यातला माणूस ठीक आहे म्हणतो, तेव्हा त्याला अमृत मिळालंय की घसा धरलाय, हे त्याच्या बायकोलाही कळत नाही.

मला चैन पडेना. दुपारी बाजेवर पडलो की पाय आपोआप हलायचे. उठायचो, बागेत जायचो, एक अंजीर हातात घ्यायचो, फोडायचो. लाल गर बघून जिभेला पाणी सुटायचं, मग फेकून द्यायचो आणि हात धुवायचो. परत येऊन पडलो की परत उठायचो. तुळजाचं तसंच. चूल पेटवायची आणि विसरायची. आईनं लावलेल्या पहिल्या झाडाखाली जाऊन उभी राहायची. मी हाक मारली की म्हणायची, फांदी बघते. तिकडं कुंपणाशी रोहनचा माणूस टेप लावून मापं घ्यायला लागला होता.

आणि अशात ते पाखरू आलं. लाल बुडाचं बुलबुल, डोक्यावर तुरा. एरवी बुलबुल म्हणजे आमचा वैरी, त्याच्यासाठी तर जाळी बांधतो. पण हे जाळीच्या दारात बसून राहिलं, आत यायची परवानगी मागितल्यासारखं. मी म्हटलं, ये बाबा, तू तरी काशीला गेलेला नाहीस. दार उघडलं. ते पहिल्या झाडावर गेलं, एक अंजीर निवडला, खाल्ला आणि डोळे मिटून बसलं. गोड. दुसऱ्या झाडावर गेलं, खाल्ला, चोच फांदीला पुसली. पाणचट. असं ओळीनं, एकही झाड न चुकवता. आमच्या तलाठ्यानं कधी अशी पाहणी केली नाही. मी मागं मागं. डोळे मिटले की फांदीला चिंधी, चोच पुसली की पुढं. तुळजानं जुनं लुगडं फाडून चिंध्या करून ठेवल्या होत्या.

"रोज येत होतं?" सरांनी विचारलं.

रोज. रविवारी जरा उशिरा. एका झाडाशी शंका आली तर दुसरा अंजीर मागायचं. झाडाखाली अर्धेअर्धे खाल्लेले अंजीर पडलेले असायचे, शेफालीनं स्वतः झाडून काढले. विचारा तिला.

शेफालीनं खोक्याची घडी घालता घालता मान हलवली. अर्धे अंजीर होते, एवढंच म्हणाली.

सरांनी चष्मा काढून पुसला. "बुलबुल चोच मारतं, गेनबा. भोक पडतं. अर्धा अंजीर खायला दात लागतात."

म्हटलं, सर, हडपसर बदललंय. पाखरंही बदलली.

हळदीकुंकवाच्या सकाळी आम्ही चिंधीचीच झाडं तोडली. अंगावर शहारा येईल असा गार वारा होता. हातांची आग आग होत होती. शेफालीनं पानं घातली, एकेक अंजीर बाळंतिणीच्या पोरासारखा ठेवला. या वेळी रोहन स्वतः खोकी घेऊन पुढच्या लिफ्टनं गेला. अडवणाऱ्याला त्यानं काय सांगितलं ते मी इथं सांगत नाही, बायका बसल्यात. मग आम्ही वाट बघत राहिलो. पन्हं झालं असेल, आंबेडाळ झाली असेल, आता खोकी वाटली असतील. मी हौदाभोवती चकरा मारत होतो. तुळजा आईच्या झाडाखाली बसलेली, पदर तोंडाशी धरून. संध्याकाळी शेफाली आली. तिनं फोनच माझ्यापुढं धरला. मला चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून तिनं वाचून दाखवलं. पद्मजाबाईंनी लिहिलं होतं की असा अंजीर त्यांच्या माहेरी मिळायचा, आणि उद्यापासून प्रत्येक घरी एक खोकं.

रोहननं ब्लॉक उचलायला टेम्पो बोलावला. भरताना मला म्हणाला, "आप्पा, गाड्यांचं बघतो मी दुसरीकडं." त्याच्यामागं जाऊन दोन ब्लॉक मीही उचलले. कंबर धरली, ती अजून सुटलेली नाही. एवढं झालं आणि पाखरू गेलं. निरोप घेतला नाही, काही नाही. काम संपलं, गेलं.

माझी गोष्ट इथं संपत होती. सर चष्मा लावत होते, उठायच्या बेतात. पण गोदाबाईनं हात जोडले. अगदी कपाळापर्यंत नेले आणि तुळजाकडं वळून म्हणाली, "तुळजे, पाखरू न्हवं त्ये. तुजी आई आली व्हती गं. आपली झाडं राखाया आली. तू तिच्या नावानं सोडलास ना, त्ये फळाला आलं."

मला ते फारच आवडलं. मला सुचायला हवं होतं. मी लगेच उचललं. म्हटलं, मला पहिल्या दिवशीच शंका आली होती. तो तुरा बघा, थेट म्हातारीच्या अंबाड्यासारखा. आणि मान तिरकी करून बघायची तऱ्हासुद्धा तीच. दिव्याहून घाट उतरून आली असणार. जाताना तुळजाच्या डोक्यावरून एक फेरी मारून गेली, मी ह्या डोळ्यांनी...

तुळजानं फडकं खाली ठेवलं. पुसलेली पानं एकावर एक लावली.

"पुरं करा," ती म्हणाली.

मी म्हटलं, अगं, चाललंय ते चालू दे. तू पानं पूस.

"न्हाई. आईला त्यात घालू नगा." ती माझ्याशी बोलत नव्हती, गोदाबाईकडं बघत होती. "पाखरू बिखरू कायबी न्हवतं, गोदा. ह्ये मला झाकत्यात. रोज सकाळी झाडागणिक एक अंजीर मी खाल्ला. ह्ये मागनं चिंध्या बांधीत व्हते. आईच्या नावानं सोडल्याला मीच खाल्ला."

शेफालीच्या हातातलं खोकं तसंच उघडं राहिलं. तुळजानं पदरानं तोंड पुसलं.

"आन गोड लागला मला," ती म्हणाली.